पुढून काढायचं, मागे भरायचं

आईच्या छातीत टिकटिक वाजते. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिच्या हृदयाची एक झडप काढून तिथे धातूची बसवली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दुपारी पंखा बंद असला आणि रस्त्यावर कंटेनरचा हॉर्न नसला, की शेजारी बसलेल्याला ती टिकटिक ऐकू येते. आलेल्या पाहुण्याला आई स्वतःच सांगायची, "ऐक, माझं यंत्र चालू हाय." पाहुणे ओशाळून हसायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे.

त्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायची एक गोळी असते. ती रोज, जन्मभर. कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्त वाहायला लागतं. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, तेव्हा मी अर्धवटच ऐकलं होतं. मी औषधांच्या गोडाऊनमध्ये कामाला. मला औषधांचं काय सांगता, असा माझा तोरा होता.

गोडाऊन भिवंडीजवळ दापोड्याला आहे आणि आम्ही दोघी मायलेकी राहतो अंजूरला. आमच्या वडिलांच्या वेळी जिथे भात लागायचा तिथे आता पत्र्याच्या शेड आहेत. त्याचं मला फार दुःख होत नाही, कारण त्याच शेडमध्ये माझी नोकरी आहे. आमच्या गोडाऊनला एसी आहे. औषधांना ऊन लागलेलं चालत नाही, त्यामुळे मे महिन्यात ड्युटीवर असलेलं बरं आणि सुट्टी नकोशी, अशी आमची गत. आत मजल्यावर मजले रॅक आणि रॅकवर खोके. सगळ्या ठाणे जिल्ह्याचा ताप, खोकला, साखर आणि प्रेशर तिथे गप पडून असतं.

काम सोपं आहे. ज्या मालाची तारीख आधी संपते तो माल आधी बाहेर जातो. म्हणून जुना माल पुढे आणि नवा आला की मागे. पुढून काढायचं, मागे भरायचं. मी लागले तेव्हाचा सुपरवायझर जौनपूरचा होता. त्याने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं, "नाम मत पढ़ो, लोकेशन पढ़ो। डेट देखो, बस।" औषधांची नावं लांबलचक आणि एकसारखी असतात, वाचत बसलात तर शिफ्ट संपते. चुकीचा खोका उचलला तर हातातलं मशीन ओरडतं आणि लाल होतं. तेव्हा नाव वाचायचं काम मशीनचं आणि तारीख बघायचं काम आपलं. माझ्या हातून चुकीचा खोका कधी गेला नाही. एका वर्षी माझा फोटोही फळ्यावर लावला होता.

हा नियम मी घरी आणला. पापड, मसाल्याच्या बरण्या, साबण, सगळं पुढून काढायचं, मागे भरायचं. आई वैतागायची. ताज्या पापडाला हात लावायची सोय राहिली नाही म्हणायची. "एक दिस मनापन मागं ठेवशील," असं एकदा म्हणाली आणि स्वतःच खूप हसली.

गोळ्यांची गोष्ट मला उशिरा कळली. आई आधी भिवंडीच्या नेहमीच्या मेडिकलमधून त्या आणायची. तिला वाचता येत नाही. संपलेली पट्टी पिशवीत घालून न्यायची, काउंटरवर ठेवायची आणि तसलीच दुसरी मागायची. आमच्या गावात सगळेच असं करतात. रिकामी पट्टी हाच त्यांचा कागद. एकदा माझ्या लक्षात आलं की महिन्याची पट्टी दोन महिने पुरतेय. विचारलं तर म्हणाली, "एकाआड एक घेतलेली चालतंय. महाग किती हाय ती. मना बरा वाटतंय ना, मग?" मी दिवसभर औषधांच्या डोंगरात फिरत होते आणि माझ्या घरात गोळी एकाआड एक चालली होती. मी खूप चिडले. ताट बाजूला सारलं त्या दिवशी.

त्याच सुमारास अंजूरफाट्याच्या पुढे स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान निघालं. तीच गोळी, साध्या पट्टीत, कितीतरी कमी पैशात. गावात कोणी तिथे जाईना. स्वस्त औषध लागू पडत नाही, असं सगळ्यांचं मत. मी आईला नेलं, मग शेजारच्या काकीला नेलं. काकीला प्रेशर आहे. एक पट्टी घेताना तिने ती नाकाला लावून वास घेतला. दुकानातल्या फार्मासिस्टसमोर मला हसू आवरेना. दोघी रोज गोळी घ्यायला लागल्या. पुढे काकीने आणखी चार बायकांना तिथे नेलं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या दुकानात एक गैरसोय होती. माल मध्येच संपायचा. कधी पंधरा दिवस यायचा नाही. म्हणून आला की मी आईच्या गोळ्या जास्तीच्या घेऊन ठेवायचे. गोडाऊनमधून फुटक्या खोक्याचा पुठ्ठा आणला, मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात कप्पे केले आणि पट्ट्या तारखेप्रमाणे उभ्या लावल्या. आईला सांगितलं, "तुला वाचायची गरज नाही. पुढची पट्टी घ्यायची. मागे काय ते मी बघते." तिला ते आवडलं. पट्टी संपली की रबर लावून पिशवीत ठेवायची, आणि नवीन पट्ट्या आणल्या की माझ्या आधी स्वतःच मागे सरकवायची. मी म्हणायचे, "बरोबर." तिला तेवढं ऐकायचं असायचं.

मग एका तपासणीत रक्त घट्ट निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन मिलिग्रॅमची गोळी बंद करा, उद्यापासून तीनची. एक महिन्याने परत तपासू. मी चिठ्ठी घेतली, दुकानातून तीनच्या पट्ट्या घेतल्या. दोनच्या पट्ट्या घरी अजून भरपूर होत्या. तारीख असलेला माल टाकून द्यायचा नसतो, आणि डॉक्टर उद्या परत दोनवर आणतीलही, असं मनात होतं. महिनाअखेर होती, डिस्पॅचची गर्दी, मी लागोपाठ दोन शिफ्ट करून आले होते. डबा उघडला. नव्या पट्टीची तारीख बघितली, जुनीची बघितली. जुनीची आधी होती. जुनी पुढे ठेवली, नवी मागे. झाकण लावलं. जेवले आणि झोपले.

दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या, एकाच कंपनीच्या. फरक एका आकड्याचा. घरात लाल होणारं मशीन नव्हतं.

आई पुढची पट्टी घेत राहिली. एकही दिवस चुकवला नाही. दोन-अडीच आठवडे गेले असतील. एका सुट्टीच्या दुपारी मी तिच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. लाइट गेली होती, पंखा बंद होता, आणि मला टिकटिक नेहमीसारखी ऐकू आली नाही. दबकी, कापूस घातल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "आज यंत्र शांत आहे तुझं." आई म्हणाली, "तेला पन सुट्टी." आम्ही तांदूळ निवडत राहिलो. ते बिघडल्याचं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी सकाळी तिच्या उजव्या हातातून तांब्या सुटला. ती तो उचलायला वाकली आणि तशीच राहिली. तोंड वाकडं झालं. रिक्षा, मग ठाण्याचं रुग्णालय. गुठळी झडपेवर झाली होती आणि तिचा तुकडा मेंदूत गेला होता. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "गोळी चुकवली का?" मी म्हणाले, "एक दिवस नाही." जरा तोऱ्यातच म्हणाले. त्या म्हणाल्या, पट्ट्या आणल्यात का. मी आईच्या पिशवीतून रबर लावलेल्या रिकाम्या पट्ट्या काढून दिल्या. त्यांनी एक बघितली, दुसरी बघितली, मग आधीच्या डॉक्टरांच्या शेवटच्या चिठ्ठीकडे बघितलं. "ही दोनची आहे. बंद केली होती ना?" एवढंच बोलल्या. रागावल्या नाहीत. पट्ट्या परत रबर लावून माझ्या हातात दिल्या.

मला काहीच वाटलं नाही. हे मी खरं सांगते. रडू आलं नाही. मी खाली जाऊन केसपेपर काढून आणला. त्या दिवसापासून आत सगळं बधिर आहे. ड्युटीला जाते, माल काढते, माल भरते. आईची टिकटिक औषधांनी परत आली, पण उजवी बाजू आली नाही. बोलणंही गेलं. घशातून आवाज निघतो, शब्द होत नाही. डोळ्यांनी मात्र सगळं समजतं तिला.

आम्ही घरी आलो तेव्हा काकी आली, आईचे पाय चेपत बसली आणि म्हणाली, "मी बोलले व्हते. त्या स्वस्तातल्या गोल्यांनी केलं. त्यात खडूची पावडर असतंय." मी चहा टाकायला आत गेले. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. दोन दिवसांत गावभर झालं की अंजूरफाट्याच्या दुकानातल्या गोळ्यांनी हिच्या आईला लकवा झाला. मला कोणी विचारलं की मी म्हणायचे, "काय सांगायचं." लोक समजून मान हलवायचे. ते इतकं सोपं होतं की मला त्याची लाजही वाटली नाही. गोडाऊनमध्ये काम करणारी, फळ्यावर फोटो लागलेली मुलगी चुकेल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आईच्या गोळ्या मात्र मी त्याच दुकानातून आणत होते. आता पिशवीत खाली घालून, वर भाजी. फार्मासिस्ट एकदा म्हणाला, "तुमच्या गावातलं कोणी येत नाही हल्ली." मी म्हटलं, "असेल."

हे असं पाच-सहा महिने चाललं. मग एका रविवारी काकी दुपारची आली. मी नुकतीच दुकानातून आले होते, आईच्या समोर पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. आता सगळ्या तीनच्याच. दोनच्या मी केव्हाच गोडाऊनच्या नष्ट करायच्या मालात टाकून आले होते. गोळी आता मीच हातावर देते, पण डबा आईने सोडलेला नाही. काकी भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. म्हटलं, "काकी, प्रेशर बघितलं का?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय आठ दिस." मग कनवटीतून कागदाची पुडी काढून दाखवली. आत गोळीचे तुकडे होते, विळीवर कापलेले. "मोठ्या मेडिकलची हाय. चांगली हाय पन परवडत न्हाय. आर्धी आर्धी घेतंय." त्या चार बायकांचं विचारलं, तर म्हणाली, त्यातल्या दोघींनी गोळी सोडूनच दिली.

मी त्या तुकड्यांकडे बघत राहिले. इतक्यात आईने डाव्या हाताने डबा जवळ ओढला. झाकण दाताने धरून काढलं. नवी पट्टी उचलली आणि हळूहळू, पुठ्ठ्याच्या कडेवर दोनदा अडखळत, जुन्या पट्टीच्या मागे सरकवली. मग माझ्याकडे बघितलं.

काकी म्हणाली, "बघ, कशी हुशार हाय आजून. हिची काय चूक? गोल्याच खोट्या व्हत्या."

मी म्हणाले, "गोळ्या खोट्या नव्हत्या."

मग मी सगळं सांगितलं. दोनची आणि तीनची, तारीख, दोन शिफ्ट, डबा. आईच्या समोर सांगितलं, तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. माझा आवाज गोडाऊनमध्ये स्टॉक सांगताना असतो तसाच होता. "मी पुढे ठेवली, तिने पुढची घेतली. त्या दुकानाचा काही संबंध नाही."

काकीने तोंडावर पदर घेतला. आईचं यंत्र वाजत होतं, तिघींनाही ऐकू येत होतं. काकीने पुडी चुरगाळून मुठीत धरली आणि विचारलं, "दुकान कवापर्यंत उघडं असतंय?"

"रविवारी दोनपर्यंत. आता बंद झालं. उद्या मी नेते."

ती उठून गेली. आईने डब्यावरचा हात काढला नव्हता. पट्टी मागे, हात त्यावर, आणि नजर माझ्यावर. माझं बोलणं तिला कळलं होतं, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तरी ती थांबली होती. नवी पट्टी ठेवल्यावर मी नेहमी जे म्हणते ते म्हणायचं राहिलं होतं.

"बरोबर," मी म्हणाले.