हेल्मेटखाली मी नव्हते

सातपूरच्या आमच्या कामगार कॉलनीत एक भीतीचा सिनेमा तयार झाला होता. त्यात पाच खून होते आणि ते मी केले होते, असं मानणारी माणसं तिथे अजून आहेत. सिनेमा होता हे त्यांनाही कळतं. पण कळतं तरी बाळाला पदराखाली घेतात, याला काय म्हणायचं?

मी तेव्हा नववीत होते. दोन वर्षांपूर्वी डाव्या भुवईवर कोडाचा डाग उठला आणि बघता बघता हनुवटीपर्यंत उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे शिवल्याने पसरत नाही. वडील कारखान्यात वेल्डर होते. ते जो भेटेल त्याला डॉक्टरांचं वाक्य ऐकवायचे. लोक मान डोलवायचे आणि मी प्यालेला कप वेगळा ठेवायचे. नवरात्रात गल्लीत भोंडला व्हायचा, पाटावर हत्ती काढून मुली फेर धरायच्या. डाग आल्यापासून मला बोलवायला कुणी येईना. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आईला सांगायच्या, अगं गडबडीत राहूनच गेलं. दोन वर्षं लागोपाठ गडबड.

सिनेमा काढणारे काका मूळचे लग्नाचे शूटिंगवाले. बसस्टॉपजवळ त्यांचं दुकान होतं, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा होता आणि लग्नसराई संपली की हातांना काम नसायचं. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात त्यांच्या डोक्यात पिक्चरचं खूळ शिरलं. कॉलनीत खून होत आहेत, खुनी वेल्डिंगचं हेल्मेट घालून येतो, म्हणून तोंड कुणालाच दिसत नाही. सगळ्यांचा संशय एका मुलीवर, कारण तिला कुणी जवळ करत नाही. शेवटी तीच मुलगी खुन्याचं हेल्मेट ओढून काढते, सगळ्यांना वाचवते आणि कॉलनी तिच्यापुढे हात जोडते. ही गोष्ट त्यांनी आमच्या घरी बसून, चहा पीत सांगितली. मुलीचं काम मी करायचं होतं.

मला मेकअप लागणार नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. आईचा चेहरा उतरला. मी मात्र लगेच हो म्हणाले, ते शेवटासाठी. केबलवर हा सिनेमा सगळी कॉलनी बघणार, मी त्यांना वाचवते आहे हे बघणार आणि मग दसऱ्याआधी कुणीतरी आमच्या दारात येऊन म्हणणार, चल गं, भोंडल्याला. चौदाव्या वर्षी माणूस इतकं सरळ गणित मांडतं. वडिलांनी तर स्वतःचं जुनं हेल्मेट काढून दिलं.

रंगपंचमीचा उरलेला लाल रंग पाण्यात कालवून रक्त केलं. खुन्याचं काम वडिलांच्या खात्यातला सिन्नरचा एक माणूस करायचा, सुट्टीच्या दिवशी येऊन. काकांची पद्धत लग्नासारखीच, जो मोकळा असेल त्याचं आधी उरकायचं. एका रविवारी गल्लीतल्या बायका मोकळ्या होत्या, म्हणून शेवटचा प्रसंग सगळ्यांत आधी घेतला. मी ओट्यावर उभी. समोर दहा-बारा जणी. त्यांनी हात जोडून म्हणायचं होतं, चुकलं आमचं, पोरी. पहिल्या वेळी त्या हसल्या, दुसऱ्या वेळीही हसल्या. तिसऱ्या वेळी समोरच्या काकू म्हणता म्हणता थांबल्या, त्यांचे डोळे भरले, त्या पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या डाव्या गालाला हात लावला. हे काकांनी सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांत आईवडिलांखेरीज त्या गालाला कुणाचा हात लागला नव्हता. घरी येऊन मी तोंड धुतलं नाही, हे आज लिहितानाही मला लाज वाटत नाही.

मग सिन्नरचा माणूस यायचा बंद झाला. त्याला दुसरीकडे काम लागलं होतं. हेल्मेट काढल्यावर दिसणारं त्याचं तोंड तेवढं घ्यायचं राहिलं होतं. काकांनी मला दुकानात बोलावलं. नवा माणूस उद्या येणार आहे, आज फक्त लाइट बघून घेतो, जरा तू हेल्मेट घालून उभी राहा, असं ते म्हणाले. लग्नात नवरीच्या जागी करवलीला बसवून लाइट बघतात, ते मी पाहिलेलं होतं. म्हणून मी उभी राहिले. हॅलोजन तोंडावर, आत घाम, श्वास कोंडलेला. काका म्हणाले, काढ आता. मी हेल्मेट वर केलं, गार वारा लागला आणि बरं वाटून मी हसले. दात दाखवून, मनापासून. काका म्हणाले, छान.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी केबलवर सिनेमा लागला. आम्ही तिघं नवे कपडे घालून बसलो होतो. शेवटी खुनी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, हात वर नेतो, हेल्मेट उचलतो. खाली मी. हसते आहे. मागून असं संगीत लावलेलं की माझंच हसू बघून माझ्या अंगावर काटा आला. तिथेच सिनेमा संपला. हात जोडलेल्या बायका नाहीत, काकूंचा हात नाही, काही नाही. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. त्यांच्याच हेल्मेटखालून त्यांची मुलगी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. काका कुठल्याशा लग्नाचं मिक्सिंग करत होते. त्यांनी मान वरही केली नाही.

"हे बघ, पब्लिकला पटलं पाहिजे. तुझं तोंड बघून तू खुनी, हे लगेच पटतं. तू वाचवलं म्हटलं तर लोक हसतील."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मी विचारलं, बायकांचा प्रसंग तरी द्या मला, मी जपून ठेवीन. ते म्हणाले, ती टेप पुसली, तिच्यावर एक लग्न घेतलं. कुणाचं लग्न, तेही त्यांना आठवत नव्हतं.

आईला तरी आशा होती. काकूंनी गालाला हात लावलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. आम्हाला बोलावणं नव्हतंच, तरी तिने खिरापतीसाठी वाटली डाळ केली आणि डबा काकूंच्या घरी पाठवला. तासाभराने डबा परत आला. झाकण उघडलेलंही नव्हतं. आईने ती डाळ आम्हाला वाढली नाही, गाईला घातली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तर चोर नोकरी बदलून निघून गेला आणि फाशी मला लागली. शाळेत पोरं मला बघून हात वर करून हेल्मेट उचलल्यासारखं करायची. दहावीपासून आजपर्यंत माझ्या एकाही फोटोत दात दिसत नाहीत.

आठ वर्षांनी, मी देवळाली कॅम्पच्या एका शाळेत शिकवत असताना, काकांचा फोन आला. कॉलनीच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती आणि त्यांना तो सिनेमा मैदानात पडद्यावर दाखवायचा होता. माझी परवानगी हवी म्हणाले. मी नाही म्हणाले. बरं म्हणाले आणि दाखवला. परवानगी मागितली होती, एवढं त्यांना पुरे होतं.

मी गेले. संध्याकाळी पुढच्या रांगेत, बायकांच्या मध्ये बसले. पडद्यावर हेल्मेट वर गेलं, मी हसले, आणि आजूबाजूच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली नाही. तेवढ्यात माझ्यामागून समोरच्या काकूंचा आवाज आला. आता त्या थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"हा शेवट नव्हता. आम्ही सगळ्यांनी हिच्यापुढे हात जोडले होते. मी होते तिथे."

दोन-तीन जणी म्हणाल्या, हो हो, आठवतं. एकीला तर स्वतःच्या साडीचा रंगही आठवत होता. कुणालाही वाटेल, मी विरघळले असणार. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे यांना माहीत होतं. आठ वर्षं ही गोष्ट यांच्यापाशी होती, आणि एकीनेही ती गल्लीत, नळावर, पोरांपुढे एकदा बोलून दाखवली नव्हती.

मी मागे वळले आणि विचारलं, "काकू, मग त्या नवरात्रात आईचा डबा परत का पाठवलात?"

काकू माझ्या गालाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरच्या नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर पदर घेतला.