आईला ओलांडून गेलेला प्याला

पादरी साहेबांनी आईच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तिनं तो खाल्ला. मग प्याला आला. चर्चच्या पुढच्या कठड्याशी आम्ही दोघी शेजारीशेजारी गुडघे टेकून होतो. आईनं मान वर केली, ओठ किंचित उघडले. पादरी साहेब तिच्यासमोर थांबले. क्षणभरच. मग प्याला तिच्या डोक्यावरून नेऊन त्यांनी माझ्यापुढे धरला.

"लीजिए, सिस्टर."

प्याला निम्मा भरलेला होता. मी पाहिला. आईनंही पाहिला.

आणि मी प्याले.

हे आधीच सांगून टाकते. त्यांनी काय केलं ते सांगताना मी काय केलं ते लपवायचं नाही, असं ठरवून बोलायला बसले आहे.

मी नर्स आहे, रेल्वेच्या दवाखान्यात. गाव नगर जिल्ह्यातलं. नोकरी लागली तीच वाराणसीला. आल्यावर पहिल्याच रविवारी चर्च शोधलं. घरची सवयच तशी. जुनं दगडी चर्च, उंच छत, आवारात कडुनिंब. आवाज बरा म्हणून मला लगेच गायकांत घेतलं. उपासनेनंतर चहा असायचा. तिथं मोठ्या मॅडम भेटल्या. त्या एका शाळेच्या निवृत्त प्रिन्सिपल. चर्चच्या कमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी विचारलं, "मराठी हो? तब तो ब्राह्मण परिवार से होगी."

काशीत मराठी म्हटलं की लोकांना संकठा घाटाकडची शास्त्री-पुरोहितांची घरं आठवतात. त्यातलंच कुणीतरी मागच्या पिढीत ख्रिस्ती झालं असेल, असा त्यांनी हिशेब लावला. मी हसले. हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही.

त्या हसण्यावर मी चार वर्षं काढली. पुढचा बाक मिळाला. नाताळला त्यांच्या घरी जेवण मिळालं.

शेवटच्या बाकावर शांती बसायची, नवऱ्याबरोबर. रामनगरहून पूल ओलांडून यायची दोघं. ती चर्च झाडायची, तो सफाई कामगार. शांतीच्या आजोबांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालेला. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि प्याला घ्यायला, ती दोघं सगळ्यांत शेवटी पुढे यायची. त्यांच्यासाठी चांदीचा प्याला नव्हता. स्टीलचा एक गिलास होता. पादरी साहेब तो वेदीच्या मागून काढायचे.

मी हे दर महिन्याला पाहिलं. काहीतरी जुनी पद्धत असेल, असं स्वतःला सांगितलं. खोटं सांगितलं. मला नेमकं माहीत होतं. आईच्या लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची. प्यायची, विसळायची, परत तिथंच ठेवायची. ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले होते.

मग आई आली. गुडघे दुखत होते तरी आली. म्हणाली, "तुझं चर्च बघायचंय. मंग मेले तरी चालंल." ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून ती माझ्याबरोबर निघाली. मी गायकांत जाऊन उभी राहिले आणि वळून पाहते तर आई शेवटच्या बाकावर, शांतीला खेटून. शांती अवघडली होती. आईनं तिचा हात हातात घेतला होता. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती.

चहाच्या वेळी मोठ्या मॅडम आईजवळ आल्या. "माताजी, आप लोगों में पहले कौन प्रभु में आया?"

आईनं कप खाली ठेवला आणि तिला जमेल त्या हिंदीत सांगितलं. "मेरा ससुर. हम म्हारवाडे का लोग." मॅडमना कळलं नाही, म्हणून तिनं शांतीकडे बोट केलं. "वो बैठी है ना? वैसा."

अभिमानानं सांगितलं तिनं. येशूनं आम्हाला उचललं, असं तिला सांगायचं होतं.

मॅडम "अच्छा" म्हणाल्या. एवढंच. मी बिस्किटांची बशी घेऊन दुसरीकडे गेले. मला आईची लाज वाटली. आज हे बोलताना माझी जीभ जड होते. पण वाटली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आईला मी मुद्दाम पुढे, माझ्या शेजारी नेलं. मला वाटलं, माझ्या शेजारी आहे म्हणून निभेल. काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

मी अजूनही त्यांच्या उपयोगाची होते. रात्री-अपरात्री कुणाचं बीपी वाढलं की मलाच फोन यायचा. म्हणून मला सूट. आईला नाही.

क्वार्टरवर आलो. रिक्षातून उतरताना आईला हात दिला, तो तिनं घेतला. घरात येऊन मेथी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "प्रभूनं तर त्याला धरून देणाऱ्यालाबी जेवायला बसवलं व्हतं."

मी म्हणाले, "आई, माझं चुकलं."

"तुला इथं ऱ्हायचंय," ती म्हणाली. मेथीवरून मान वर केली नाही तिनं. "मला काय, जायचंच हाय."

ती आणखी महिनाभर राहणार होती. चौथ्या दिवशी मी तिला मनमाडच्या गाडीत बसवलं. तीच म्हणाली, शेळीला बघणारं कुणी नाही.

चार महिन्यांनी ती गेली. पावसानं गाड्या रखडल्या होत्या, मी पोचले तेव्हा पेटी बंद व्हायची तेवढी राहिली होती. गावची मंडळी सगळी जमली होती. माती दिल्यावर एकेक जण येऊन "सलाम, बाई" म्हणत माझा हात हातात घेत होता. शेजारची म्हातारी मावशी मला कुरवाळत म्हणाली, "लई नशिबाची तुझी आई. काशीच्या देवळात तिला सगळ्यांच्या आधी प्याला दिला म्हने. चांदीचा. दर रविवारी सांगायची आमाला."

मला आधी समजलंच नाही.

मग समजलं. आई गावात खोटं बोलली होती. आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई, दर रविवारी, देवाच्या घरात बसून खोटं बोलली. माझ्यासाठी. मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. मी तिथंच, ओल्या मातीवर बसले. रडू नाही आलं. रडण्याचा हक्क मी त्या कठड्याशी घालवला होता.

वाराणसीला परतले. पुढच्या प्रभुभोजनाला गायकांतून खाली उतरले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शांती हळूच म्हणाली, "दीदी, आपकी जगह आगे है."

"यहीं है," मी म्हणाले.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही तिघं पुढे गेलो. पादरी साहेब वेदीमागून गिलास घेऊन आले. मला पाहून घुटमळले, चांदीचा प्याला आणायला वळले.

मी गुडघ्यांवरूनच म्हणाले, "या तो तीनों को वही प्याला, या मुझे भी नहीं."

"सिस्टर, बाद में बात करेंगे."

"मेरी माँ के लिए बाद में नहीं आया."

पादरी साहेबांनी गिलास शांतीसमोर धरला. तिला वाटलं असेल, तिनं घेतला की मी एकटी पडेन. शांतीनं हात मागे घेतले आणि पदराखाली धरले. तिच्या नवऱ्यानं मान हलवली. नको.

पादरी साहेब गिलास घेऊन परत गेले. आम्ही तिघं उपाशी उठलो.

कमिटीनं मला बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, स्वच्छतेचा प्रश्न आहे, तुम्ही नर्स आहात, तुम्हाला कळायला हवं. मी विचारलं, मग बाकीच्यांची तोंडं कुणी तपासली? पुढे त्यांनी मध्यम मार्ग काढला. प्रत्येकाला वेगळा, छोटासा गिलास. मी म्हणाले, कुणाचं उष्टं कुणाला लागू नये एवढ्यासाठी प्रभूचं भोजनच मोडलंत तुम्ही. मग शांतीचं झाडण्याचं काम काढून घेतलं. ती तरी येते. रामनगरहून, नवऱ्याबरोबर.

वर्ष होऊन गेलं, आम्ही तिघांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. त्याची भूक लागते. ज्यानं ती कधी ओळखली नाही, त्याला हे सांगून कळणार नाही.

भुसावळच्या बदलीसाठी मी अर्ज दिला होता. मागच्या आठवड्यात तो मागे घेतला. पादरी साहेब आता गोड बोलतात. शहरात दुसरी चर्चेस आहेत, म्हणतात, आपको वहाँ शांति मिलेगी.

मला तसली शांती नको आहे. येशू काही त्यांच्या घरचा नाही. मी दर रविवारी जाणार, दर रविवारी त्याच बाकावर बसणार. कुणी विचारलं, न विचारलं, तरी आईचं नाव, माझं गाव, माझी जात मोठ्यानं सांगणार. ज्याला माझ्या शेजारी गुडघे टेकायचे नाहीत, त्यानं उठून जावं. मी उठणार नाही.