स्टँड-डाऊनचा हुकूम

फौजेतून डिस्चार्ज मिळाला तेव्हा माझी पलटण चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत होती. साताऱ्याला न परतता मी चंडीगडलाच राहिलो. सेक्टर ३० मधल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या गेटवर नोकरी लागली. वर्दी जमा केली, रम मात्र सुटली नाही.

एका सकाळी सुशीलाने, माझ्या बायकोने, ट्रंक भरून दारात ठेवली. म्हणाली, "आता एक घोट जरी घेतलात, तर ही उचलेन आणि थेट माहेर गाठेन." मी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाई मराठी होत्या, नागपूरकडच्या. उपचार संपल्यावर त्यांनी शनिवारच्या बैठकीला यायला सांगितलं. पिणाऱ्यांचीही बैठक आणि सोडणाऱ्यांचीही बैठकच! मला हसू आलं.

तिथे बाईंनी विचारलं, "सगळ्यात अवघड वेळ कोणती?" सगळ्यांचं उत्तर एकच, दिवेलागण. मी म्हणालो, "मॅडम, हा तर स्टँड-टू." शत्रू अंधूक उजेडात येतो. म्हणून फ्रंटवर रोज पहाटे आणि संध्याकाळी सगळी कंपनी हत्यारं घेऊन मोर्च्यात, म्हणजे खंदकात, सज्ज राहते. स्टँड-डाऊनचा हुकूम येईपर्यंत कोणी जागा सोडत नाही.

मागच्या बाकावरून एक सरदारजी उठला. लान्स नाईक गुरमेल सिंग, रिटायर्ड ड्रायव्हर.

"साब, स्टँड-टू अकेले नहीं होता. मैं आऊंगा."

तो रोज सायकलने येऊ लागला. व्हरांड्यात आम्ही चहा घेत बसायचो. बोलणं फारसं नसे. अंधार पडला की तो "स्टँड-डाऊन" म्हणे आणि निघे. रँकने मी वरचा, पण दारू सोडण्यात तो सीनियर, म्हणून हुकूम त्याचा. लान्स नाईकाचं ऐकणारा हवालदार, अशी सुशीला माझी फिरकी घ्यायची.

त्या डिसेंबरात माझे जुने सुभेदार, जाधवसाहेब, संध्याकाळी घरी आले. हातात कॅन्टीनची रम. तो दिवस बापू मानेच्या स्मृतीचा. एकाहत्तरच्या लढाईत नाईक बापू माझ्या शेजारच्या मोर्च्यात कामी आला होता. साहेबांनी तीन ग्लास भरले. तिसरा बापूचा.

"साहेब, मी सोडलीय."

"माझ्यासाठी नको घेऊस. बापूच्या नावाचा एक घोट."

स्वतःसाठी मी शिवलोही नसतो. पण बापूला नाही कसं म्हणायचं? ग्लास उचलला. सुशीला दारात आली. ट्रंकेकडे बघत राहिली.

बाहेर सायकल थांबली. गुरमेल आत आला. साहेबांना सॅल्यूट ठोकून माझ्याकडे वळला.

"हवालदार साब, स्टँड-टू चालू है?"

"चालू है."

"पोस्ट पे कोई पीता है?"

"नहीं."

"तो रख दो. स्टँड-डाऊन के बाद देखेंगे."

मला त्याचा राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. ग्लास टेबलावर ठेवला. जाधवसाहेबांनी तिसऱ्या ग्लासाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बापू स्टँड-टूला कधी प्यायला नाही रे."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. सुशीलाने ग्लास उचलले आणि चार कप चहा आणला. चौथा बापूच्या जागी ठेवला.

अंधार पडला. साहेब गेले. गुरमेलने सायकल काढली, पण रोजचा शब्द काही बोलला नाही. मी आठवण करून दिली.

"वो हुकम अब कभी नहीं मिलेगा, साब," तो म्हणाला. "चाय के लिए कल आऊंगा."

पुढे काही वर्षं तो येत राहिला. जुन्या पिण्याने खराब झालेलं लिव्हर शेवटी त्याला घेऊन गेलं. वॉर्डात दिवेलागणीला मी त्याच्या उशाशी बसलो होतो. विचारलं, "गुरमेल, अब तो स्टँड-डाऊन?" त्याने मान हलवली. नाही. त्याच रात्री तो गेला. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडलो. पण प्यालो नाही.

आता बैठकीतला एक नवा माणूस संध्याकाळी माझ्याकडे येतो. ट्रंकेत सुशीलाने रजया भरल्यात. दिवे लागले की ती चार कप मांडते. त्याचा, माझा, बापूचा आणि गुरमेलचा. हुकूम अजून आलेला नाही.