दोन रेघांमधले शंभर रुपये

नागापूरच्या कारखान्यात आम्ही बाया आणि गडी एकाच टेबलावर नटबोल्टांची खोकी भरतो. खोक्यामागे सगळ्यांना पाच रुपये. पण रोजची ठरलेली हजेरी गड्यांना तीनशे, आम्हाला दोनशे. मी जाब विचारला, तर सुपरवायझर म्हणाला, “हात भराभर चालवा ताई, गाठाल त्यांना.”

माझं डोकंच फिरलं. पुठ्ठा फाडून त्यावर दहावीत शिकलेला आलेख काढला. एक रेघ गड्यांची, एक आमची. चढ सारखाच, मधे कायम शंभराचं अंतर.

“दहा खोकी भरा नाहीतर हजार. या रेघा कुठं मिळतात, दाखवा!”

त्यानं पुठ्ठा न्याहाळला. “रेघा झकास काढता. उद्यापासून हजेरीचं रजिस्टर तुम्हीच आखत जा.”

तेव्हापासून तेही आखतेय. त्याच दोनशे रुपयांत.