पेल्यावरची तारीख

भाईंदर पूर्वेला आमच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांची एक ओळ आहे. सॅम्पल घेऊन प्रदर्शनांना सगळेच विमानाने जातो, आणि प्रत्येकजण परत आला की चहाला एअरपोर्टवरचा एक किस्सा आणतोच. माल खपो न खपो, किस्से मात्र उरतात. त्यातले काही मी दिवसाउजेडी सांगतो, कारण संध्याकाळी सांगितले की दिलीपभाई लवकर घरी जातात.

हे दिलीपभाई आमचे शेजारी, डब्यांचे व्यापारी. एकदा त्यांच्या बॅगेत एकात एक बसणारे सात डबे होते. मशीनच्या पडद्यावर तपासणीच्या साहेबाने आठ मोजले. सातही उघडायला लावले, झाकणं फेकली, बॅग पुन्हा आत सोडली. पुन्हा आठ. तीनदा झालं. “आठवाँ कहाँ छुपाया?” म्हणत भाईंना तासभर अनवाणी उभं केलं. शेवटी साहेब स्वतःच पडद्यापासून लांब सरकला आणि म्हणाला, जाओ.

आम्ही विचारलं, मग आठवा डबा होता तरी कुठे? भाई म्हणाले, “मने शुं खबर? घरी आल्यावर मी बॅग वजन केली नाही. करणार पण नाही.”

माझी गोष्ट साधी आहे. तीस वर्षं मी पॉलिशच्या खोलीत, स्टीलच्या धुळीत काढली. त्या दिवशी साहेबाचं ते हातातलं यंत्र छातीवर आलं की वाजायचं. शर्ट काढायला लावला. सगळ्या रांगेसमोर बनियन पण. अंगावर धातूचा कण नाही, तरी वाजतंय. मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मी श्वास आत घेतला की वाजायचं, सोडला की गप्प.

साहेबाने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “चाचा, साँस मत लो.”

नाही घेतला. विमान पकडायचं होतं ना.

आमचे हिशेबनीस कुलकर्णी पूनम सागर कॉम्प्लेक्सला राहतात. मूळचे दादरचे, त्यामुळे अन्याय झाला की अर्ज करतात. त्यांना एका साहेबाने ढकललं, शिवी दिली आणि चामड्याचा पट्टा काढून ठेवून घेतला. कुलकर्ण्यांनी काउंटरचा नंबर, वेळ, साहेबाचं वर्णन, सगळं लिहून पाठवलं. दोन महिन्यांनी सभ्य भाषेत उत्तर आलं: सदर काउंटर त्या दिवशी बंद होता व तेथे कोणीही कामावर नव्हते.

कुलकर्णी अजून ते पत्र खिशात ठेवतात. म्हणतात, “ठीक आहे, नव्हतं कोणी. मग माझा पट्टा कोणाच्या कमरेला आहे?”

आता बबनचं सांगतो. बबन खारी गावचा. माझ्याकडे भांड्यांवर नावं घालतो. आमच्याकडे माणूस गेला की तेराव्याला त्याच्या आठवणीत भांडी वाटतात. त्यावर आधी ‘कै.’, मग नाव, खाली गेल्याची तारीख. बबनने अशी हजारो घातलीत. हाताला डोळे फुटलेत त्याच्या.

उत्तरेकडच्या एका प्रदर्शनाहून आम्ही दोघे परतत होतो. नाव घालायचं मशीन त्याने सामानात दिलं नाही, खांद्यावरच्या बॅगेत ठेवलं. साहेबाने ते काढलं, बबनची कॉलर धरली. हत्यार आहे म्हणाला. मी समजावलं तर म्हणाला, “चला के दिखा. मेरा नाम लिख.” बबनने मशीन हातात घेतलं. साहेबाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून त्याने सॅम्पलच्या पेल्यावर घातलं आणि पुढे केलं.

आधी ‘कै.’ होतं.

साहेबाने विचारलं, हे काय? मी व्यापारी माणूस. म्हटलं, मोठ्या माणसांच्या नावाआधी लावतात. तो खूश झाला. मशीन परत दिलं, पेला ठेवून घेतला.

विमानात बबन म्हणाला, “शेट, खाली तारीख पन घातली. पुढल्या म्हैन्याची. कुठून आली ठाव न्हाय.”

मी हसण्यावारी नेलं. पण गाळ्यावर आल्यावर बबनने मशीनला हात लावला नाही. ऑर्डरी पडून राहिल्या. मी रागावलो, तर म्हणाला, “त्या मानसाला बायका-पोरा असतील. ता पुसल्याबिगर दुसरा नाव न्हाय घालनार.” रात्रीचं जेवणही सुटलं त्याचं.

तारखेच्या दोन दिवस आधीची तिकिटं मी काढली. सकाळी त्याच एअरपोर्टवर पोचलो, तिथूनच परतीच्या रांगेत शिरलो. मशीन मुद्दाम वरच ठेवलं, म्हणजे अडवतील. अडवलं. तोच साहेब.

बबनने हात जोडले. ‘श्री.’ घातलेला नवा पेला पुढे केला. मोडक्या हिंदीत सांगितलं, जुन्यात चूक झालीय, तो परत द्या.

साहेबाने नवा पेला बघितला आणि अलगद बबनच्या हातात परत ठेवला. या वेळी आवाज चढला नाही. पहिल्यांदाच ‘आप’ म्हणाला.

“वो तो घर ले जाने के लिए पैक कर लिया. तीन बार छुट्टी नामंज़ूर हुई थी, कल मंज़ूर हो गई. ठीक गिलास वाली तारीख से. आपको किसने बताया था?”