जवसाचं तेल आणि पुढची सीट

माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या नोकरीबद्दल एकच प्रश्न विचारला गेला. मुलगी नागपूरजवळच्या एका प्रयोगशाळेत तेल तपासते, असं वडिलांनी सांगितल्यावर होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "खायचं का?" मी म्हटलं, "नाही, इंजिनचं." "बरं," त्या म्हणाल्या आणि बोलणं पोह्यांकडे वळलं. लग्न होऊन आंधळगावला आले, नोकरी सुटली, आणि इंजिन ऑइलबद्दल जे काही मला येत होतं ते कपाटातल्या भारी साडीसारखं घडी घालून पडून राहिलं. मी तोंडाने तिखट आहे, पण याबद्दल कुणाशी बोलले नाही. विचारणारच कोण होतं?

घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग, मागच्या अंगणात जुनी डिझेल व्हॅन. आधी ती कापड घेऊन बाजाराला जायची. सासऱ्यांच्या किडन्या गेल्यापासून त्यांना डायलिसिससाठी भंडाऱ्याला नेते. नवरा चालवतो, सासूबाई त्याच्या शेजारी पुढे, सासरे मागे उशीला टेकून, आणि मी त्यांच्याजवळ. पुढची सीट सासूबाईंची असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तिथे बसायची दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती. एकदा नाल्याला पूर येऊन रस्ता बंद पडला आणि डायलिसिसचा खाडा झाला. त्या वेळी सासऱ्यांना लागलेली धाप मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून गाडी बंद पडेल ही भीती आम्हा सगळ्यांच्या पोटात आहे.

म्हणून सासूबाई आदल्या दिवशी स्वतः गाडीचं तेल बघतात. इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. सीट उचलायची, तेलाची पट्टी ओढायची, फडक्याने पुसून परत घालायची, पुन्हा ओढून बघायची. मुलाचं बघून बघून शिकल्या.

दिवाळीनंतरचे दिवस होते. शेजारच्या गावी मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, त्यामुळे आसपासच्या भाड्याच्या गाड्या आधीच ठरून गेलेल्या. मी दुपारी अंगणात वाळवण उलटत होते, तर सासूबाई गाडीतून उतरताना दिसल्या. हातात स्वयंपाकघरातली जवसाच्या तेलाची बरणी.

"आई, ते कायले नेलं होतं?"

"पट्टीवर तेल कमी दिसून रायलं होतं. टाकून देलं थोडंसं."

क्षणभर मला वाटलं त्या थट्टा करताहेत. आमच्या घरात सगळ्याला जवसाचंच तेल लागतं. भाजीला तेच, मागाच्या लाकडाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. गाडीला का नको, असा त्यांचा सरळ हिशेब. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण मी एवढंच विचारलं, "गाडी चालू केली का त्याच्यानंतर?" नव्हती केली. माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

नवरा मागावरून उठून आला. "अर्धा गिलास तं हाय. चालून जाईल. उद्या सकारी निघाचं हाय, आता कुठं खोलत बसतं?"

मी सांगू लागले. जवसाचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकतं, चिकट होतं, मग घट्ट होऊन बसतं. बारीक वाटा बुजल्या की इंजिनच्या वरच्या भागाला तेल मिळणार नाही, आणि गाडी भंडाऱ्याच्या वाटेत कुठेतरी उभी राहील. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला पटत नव्हतं. चूक त्याचीही नाही. मी प्रयोगशाळेत काय करत होते हे त्याला मी तरी कधी सांगितलं होतं?

सासूबाईंनी हातातली बरणी फिरवली. तोंडाशी ओघळून वाळलेलं तेल होतं, पिवळं, साईसारखं. त्यांनी ते नखाने खरवडलं. निघेना.

"असं होते का आतमंदी?"

"असंच होते, आई."

"मंग आताच काढा," त्या मुलाला म्हणाल्या. "तिले समजते ते. तू घमेलं आन."

ते वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. चूक त्यांची होती आणि घरात शब्दही त्यांचाच चालतो. चालून जाईल म्हणाल्या असत्या तर कुणी काही बोललं नसतं. त्यांनी पदर खोचला, गाडीपाशी बसल्या आणि घमेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काळं तेल त्यांच्या मनगटापर्यंत उडालं. जुनं तेल निथळू दिलं, आत धुवायला शेजारून आणलेलं स्वस्तातलं साधं इंजिन ऑइल घालून तेही काढलं, तेव्हा उन्हं कलली होती.

नवीन तेल आणायला नवऱ्याबरोबर मी दुकानात गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तेलाच्या डब्यांसमोर उभी होते, आणि खरं सांगते, माहेरी आल्यासारखं वाटलं. दुकानदाराने सगळ्यात भारी सिंथेटिक पुढे केलं. नवऱ्याने थेंबभर घेऊन बोटांत चोळलं. इकडे सगळे तेल असंच पारखतात. "हे तं पाणी हाय," तो म्हणाला.

पाणी नव्हतं, उत्तम तेल होतं. तरी मी ते घेतलं नाही. तेलांच्या प्रतवारीतलं तिसऱ्या गटाचं घेतलं, आमच्या इंजिनला चालणाऱ्या जाडीचं.

"भारी सोडून हे काहून?" गाडीत तेल ओतताना सासूबाईंनी विचारलं. सासरेही खाट ओढून अंगणात येऊन बसले होते. मग मी त्यांना त्यांच्याच धाग्यांवर सांगितलं. जमिनीतून निघालेलं तेल म्हणजे रेशमाच्या कोशातून काढलेला धागा, कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये गाठी. कारखान्यात दाबाखाली हायड्रोजन देऊन त्यातला कचरा काढतात, वेडंवाकडं सरळ करतात. ते तिसऱ्या गटाचं तेल. ते जमिनीतलंच, पण इतकं निवडलेलं की डब्यावर सिंथेटिक लिहितात. चौथ्या गटाचं, पीएओ नावाचं, म्हणजे दुकानातलं ते भारी तेल, मुळातच कारखान्यात एका मापाचं बनवलेलं. ते कडक थंडीतही वाहतं, तापलं तरी लवकर पातळ होत नाही. पण नुसतं ते असलं तर रबराचे सील थोडे आक्रसतात. आपल्या गाडीचे सील आधीच म्हातारे, तिथून तेल गळलं असतं.

"आन त्याच्या पुढचं?" सासूबाईंनी विचारलं.

"एस्टर. ते धातूला धरून राहते. रबर मात्र फुगवते, म्हणून पीएओमध्ये थोडं मिसळतात, दोघं एकमेकांना सांभाळतात. पण जुन्या इंजिनमधला साचलेला मळही ते सोडवते, आणि तो भलतीकडे जाऊन अडकला तर पंचाईत." मग मला राहवलं नाही. "तसं पाहिलं तर ते तुमच्या जवसाच्या नात्यातलंच, आई. जवसाचं तेलही एस्टरच. फक्त कारखान्यातलं सुकून बसत नाही असं बनवतात."

सासूबाईंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. "म्हंजे मी अगदीच चुकलो नाही."

"नाही ना. फक्त भाजीचं इंजिनात टाकलं."

सासरे हसले, हसता हसता खोकले. "इतके वर्षं मले खाऊ घातलं ते," ते म्हणाले, "आता समजलं मी काहून अडखळून रायलो." सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, पण त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

सकाळी थंडी होती. नवऱ्याने चावी फिरवली, इंजिन कुरकुरलं आणि लागलं. मी श्वास धरून ऐकत होते. तेल वर चढेपर्यंतची खडखड आली, गेली, आणि मग आवाज एकसारखा झाला. मागच्या वेळी इतका एकसारखा नव्हता.

मी नेहमीप्रमाणे मागे चढायला गेले, तर सासूबाई आधीच मागे बसलेल्या. सासऱ्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन, शाल नीट करत.

"आई, तुम्ही मागे काहून?"

"तू बस समोर. इंजिनचा आवाज तुले समजते." मग शालीचं टोक सासऱ्यांच्या पायांखाली खोचत म्हणाल्या, "मले ह्यायचा श्वास समजते. मी इथं बसतो."

मी पुढे बसले. सीटखाली इंजिन चालत होतं, पायांना ऊब लागत होती. भंडाऱ्यापर्यंत मी त्या आवाजाला कान लावून बसले. त्या दिवशी सासरे वेळेवर पोचले. अजूनही पोचतात, आणि ती सीट अजून माझी आहे.