मन मागे राहिलं

कांद्याच्या वाफ्यात पाणी शिरल्याचा वास आला की मला वरवट बकालजवळचा आमचा मळा आठवतो. महाराष्ट्र नुकता झाला होता. विहीर आम्हा दोघा भावांची, आणि पाण्याच्या पाळीवरून आमच्यात वर्षभर अबोला होता. मी जातो म्हणून धाकट्यानं प्रार्थनाघरातली रविवारची ख्रिस्ती उपासना सोडली होती. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी पुढे झालो, तर पाद्रीसाहेबांनी ती दिली नाही. "आधी भावाकडं जा," एवढंच म्हणाले. अपमान गिळून, उन्हात पाय ओढत मी मळ्यात गेलो. पाण्याचा दांड फुटला होता, भाऊ त्याचं भगदाड बुजवत होता. "काऊन आला?" "पाद्रीसाहेबानं धाडलं." "म्हंजे तू सोता नाही आला?" "मन नाही आलं अजून. मी आलो." तो हसला. "मनाले राहू दे घरी. पाणी वाहून राह्यलं, फावडं धर." भगदाड बुजवून चिखलाच्या पायांनी आम्ही दोघं प्रार्थनाघरात गेलो. मंडळी केव्हाच पांगली होती. पाद्रीसाहेब एकटेच, उपाशी, आमच्यासाठी भाकर झाकून बसले होते. आता भाऊ नाही. ज्यांच्या दारी मी जायला हवं, अशी घरं अजून बरीच आहेत. आणि मी मात्र मन तयार व्हायची वाट बघत थकत चाललो आहे.